फुटाला किती

गेट उघडायच्या आधीच विचारतात, फुटाला किती?
मी म्हणते, आधी चालू तर द्या.

माझं एक पाऊल सव्वादोन फूट,
घरी टेप लावून तीनदा ताडून पाहिलंय.
तरी टेप काढतेच. पावलाच्या मापावर पैसे देणारा
नाशकात अजून भेटायचाय.

पहिलं काम गंगापूर रोडचं. नजरेनं पाहिलं,
तीन हजार म्हटलं, ते लगेच हो म्हणाले.
इतक्या लगेच हो आलं की समजावं,
आपलं काहीतरी चुकलं.
टँकर नऊशे. मशीनचं पेट्रोल सातशे.
रोहिदासची दोन दिवसांची हजेरी चौदाशे.
संध्याकाळी नोझल फुटलं, अडीचशे.
पदरचे अडीचशे घालून मी
कुणाची तरी गाडी उभी करायची जागा
धुऊन दिली.

तेव्हापासून वही केली.
पानं गिऱ्हाइकांच्या नावानं नाहीत, फरशीच्या नावानं:
शहाबादी, कोटा, पेव्हर, नुसता कोबा.
शेवाळाला सहा.
अंगणात जांभूळ असेल तर आठ,
कारण जांभूळ दगडात मुरतं
आणि आपण हात झटकले की पुन्हा वर येतं.
ऑइलचा डाग वेगळा धरायचा, वाकून, बोट लावून.
कोट्यावर ॲसिड मारा म्हणाल
तर त्याला भाव नाही, नमस्कार आहे.
पेव्हरच्या फटींतली वाळू पाण्याबरोबर जाते,
ती परत भरायची, आणि तिचे पैसे
तिच्यासारखे वाहून जाऊ द्यायचे नाहीत.
उतार कुठे जातो तेही बघायचं.
शेजाऱ्याच्या दारात जात असेल
तर भांडणाचाही खर्च धरायचा.

दिवाळीच्या तोंडावर जेलरोडला पुंडे सर.
नोटांच्या प्रेसमधून रिटायर,
आयुष्यभर दुसऱ्यांच्या कोऱ्या नोटा मोजलेला माणूस.
सहाशे चाळीस फूट, काळं-हिरवं झालेलं.
सहा म्हटलं.
चार, म्हणाले. आणि चारवर असे उभे राहिले
जसं काही चार त्यांच्या मालकीचं आहे.

मग मी माझा डाव टाकला:
एक फूट करून दाखवते, फुकट.
(एक फूट उजळलं की उरलेलं सगळं
आपोआप घाण दिसायला लागतं.
वहीत हे कुठेच लिहिलेलं नाही.)

मशीन घुमलं. अर्धं मिनिट.
खालून लाल निघाला.
पुंडे सर चष्मा पुसून वाकले.
दारातून काकू म्हणाल्या,
“पंधरा वर्षं सांगतेय, लाल आहेत.
तुमचं आपलं राखाडी, राखाडी.”

सर बराच वेळ त्या लाल फुटाकडे बघत राहिले.
“राहू द्या,” म्हणाले, “एवढंच पुरे.”
आणि खिशातून मोजून दिले
एक पाचचं, एक रुपयाचं. फुकट नको म्हणाले.
रोहिदास पाईप गुंडाळताना इतका हसला
की त्याच्या हातून गुंडाळी सुटली.
मी मनात पेट्रोल मोजत होते,
पाथर्डी फाट्यापासून येणं-जाणं.

तीन आठवड्यांनी फोन.
“गांगुर्डे बाई ना? पुंडे काकू बोलतेय.
सगळं करायचंय. सहानंच.
पण तो एक फूट वजा करा हं,
त्याचे दिलेत.”

सहाशे एकोणचाळीस गुणिले सहा.
तीन हजार आठशे चौतीस.
वरचे चार सोडू का म्हणून मी विचारलंही नाही,
त्यांनीही विचारलं नाही.

दुपारपर्यंत सगळं अंगण लालभडक.
मधोमध तो एकच फूट,
तीन आठवड्यांच्या धुळीनं
आता सगळ्यांत मळका.

रोहिदासनं माझ्याकडे पाहिलं.
सर खिडकीत.
मी म्हटलं, मार.